कोंबडीसाठी मेगाब्लॉक

राहनाळ,
रविवार, दुपार

प्रिय मैना,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. पत्रच लिहायचं ठरवलं, कारण फोन केला की तू “हां, बोल वहिनी” म्हणतेस आणि पुढच्या मिनिटाला तुझ्या गॅसवर दूध उतू जायला लागतं. सात महिन्यांत तुझ्याकडे इतकं दूध उतू गेलंय की गणेशपुरीत डेअरी निघाली असती. पत्राचं तसं नसतं. ते हातात आलं की वाचावंच लागतं, आणि तू शेवटपर्यंत वाचशील हे मला माहीत आहे, कारण अर्धवट काही सोडणं तुला जमत नाही. तुझ्या विपुलच्या हाती वालाच्या शेंगा पाठवतेस, त्या मिळतात. पण शेंगा येतात आणि तू येत नाहीस, याचा मला फार त्रास होतो. लिहून टाकलं एकदाचं.

मागच्या अंगणातली आपली छोटी आगगाडी अजून धावते. मधे एकवीस दिवस बंद होती, ते का ते सांगतेच. तू रुसून गेलीस त्यानंतर मी काय केलं असेल, तर सगळं अगदी मापात आणलं. खऱ्या मोठ्या लाईनच्या दोन रुळांमधलं अंतर सोळाशे शहात्तर मिलिमीटर, आपल्या अंगणातल्या रुळांचं पंचेचाळीस. म्हणजे आपल्याकडे जे असेल ते खऱ्याच्या सदतिसाव्या हिश्शाचंच हवं. हे मी तुला शंभर वेळा सांगितलंय आणि तू शंभर वेळा “बरं बरं” म्हणून मालडब्यात चुरमुरे भरलेस. तर मी फलाट तोडून पुन्हा बांधला, सिग्नल नव्याने रंगवले, भिंग घेऊन ‘भिवंडी रोड’ची पाटी लिहिली. तू ज्या डब्यातून दादांना जेवताना लोणचं पाठवायचीस तो घासून पुसून, नंबर घालून लावला. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं पोरांना ड्रॉइंग शिकवलं, पण इतकं बिनचूक काम माझ्या हातून तेव्हाही झालं नव्हतं. आणि गंमत बघ, बघायला कोणी येईना! मागच्या चाळीतली पोरं दोनदा भिंतीवर चढली, बोरं मिळत नाहीत म्हटल्यावर उतरून गेली. हेसुद्धा, म्हणजे तुझे केसरीदादा, खुर्ची उचलून पुढच्या ओट्यावर जाऊन बसले. सुपारी गाडीने येत नसेल तर गाडीजवळ बसून करू काय, म्हणाले. मी एकटी बटण दाबायची, गाडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाच्या खारबाव स्टेशनला जायची, परत यायची. अगदी वेळेवर. मला स्वतःलाच जांभया यायच्या.

एकच गोष्ट मापाबाहेरची राहिली होती, ते तू बांधलेलं गोडाऊन. दार एवढं मोठं ठेवलंयस की त्यातून आपल्या रस्त्यावरचे दोन कंटेनर शेजारी शेजारी जातील आणि वर तिसरा ठेवता येईल. चार वेळा हातोडी घेऊन गेले. चारही वेळा काहीतरी काम आठवलं आणि परत आले. मग फेब्रुवारीत एका सकाळी बटण दाबलं, गाडी गोडाऊनपर्यंत गेली आणि आडवी झाली. वाटलं, दगड आला असेल. जाऊन बघते तर आतून एक चोच आली आणि माझ्या हाताला टोचून गेली. शेजारच्या सरूची तांबडी कोंबडी! आत पेंढा ओढून, अंडी घालून, राणीसारखी बसलेली. तिच्या दारावरून कोणी डबा नेला की ती तो ओढून पाडायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरूला हाक मारली, तर ती दोन दिवस कोंबडी शोधत होती म्हणून उलट आनंदाने नाचायलाच लागली. मी म्हटलं उचल हिला, तर मलाच दम भरला, “आता उठवलीस तर पुन्हा बसनार न्हाय ती. अकरा अंडी हायेत, बाई. तुझी गाडी काय मरते का एकवीस दिवस थांबली तर?”

मी गाडी बंद केली. पण बंद करायची तीही रीतसर. पाटी लिहून फलाटावर लावली: ‘भिवंडी रोड ते खारबाव, एकवीस दिवसांचा मेगाब्लॉक. कारण: कोंबडी.’ आणि सवय जात नाही बघ, लांबून पट्टी धरून तिचं मापही घेतलं. उभी राहिली की अडतीस सेंटिमीटर. सदतीसने गुण. चौदा मीटर! आपल्या स्टेशनशेजारी पाचमजली कोंबडी बसली होती आणि एकेक अंडं दोन मीटरचं. हा हिशेब मी ह्यांना सांगितला आणि मैना, हे इतके हसले की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग ती गोष्ट ह्यांनी गावभर केली. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची परत मागच्या अंगणात आली. पोरं आली. समोरच्या गोडाऊनमधले हमाल जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन भिंतीपाशी बसायला लागले. त्यातला एक रोज विचारायचा, “मॅडम, आज निकला क्या?” मी म्हणायची, अजून बारा दिवस, अजून अकरा दिवस. गाडी धावत असताना जेवढी माणसं आली नाहीत, तेवढी गाडी बंद असताना यायला लागली.

एकविसाव्या दिवशी सकाळी आतून चिवचिव ऐकू आली. अकरातली नऊ निघाली. दोन दिवसांनी ती बया पिल्लांना घेऊन बाहेर पडली आणि कुठून चालायला लागली माहितीये? रुळांमधून! पुढे ती, मागे नऊ पिल्लं, एका ओळीत, लाल सिग्नल असताना सरळ. पिल्लू आठ सेंटिमीटरचं, म्हणजे तीन मीटर. हत्तींचा कळप चालला होता गं खारबावकडे. सगळे ओरडायला लागले, गाडी सोडा, गाडी सोडा. मी सोडली. अगदी हळू, पिल्लांच्या मागे. ती थांबली की मी थांबवायची, ती चालली की मी सोडायची. दोन मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला. हमाल टाळ्या वाजवत होते, सरू प्रत्येकाला सांगत होती की कोंबडी माझी हाय, आणि मी हसून हसून खालीच बसले, लुगड्याला माती लागली तरी उठवेना. हसता हसता मी बाजूला वळून म्हटलं, “मैना, बघ गं!” मोठ्याने म्हटलं. बाजूला कोणी नव्हतं. ह्यांनी ऐकलं आणि माझा हात धरून मला उठवलं.

तू गेलीस त्या दिवसाचं आता बोलते. ठाण्याहून छंदमंडळाची चार माणसं आपली गाडी बघायला आली आणि तू हौसेने फलाटावर चिंध्यांची नवरानवरी उभी केलीस. वीतभर नवरदेव, म्हणजे साडेसात मीटरचा. मला लाज वाटली. आणि मी त्या परक्या माणसांसमोर म्हटलं, “आमची नणंद सातवीपर्यंतच शिकलीय, तिला प्रमाण कळत नाही.” तू पदराला हात पुसलेस, नवरानवरी पिशवीत घातलीस आणि साडेतीनच्या एसटीने निघून गेलीस. तुझी शाळा का सुटली हे मला माहीत नाही का? तुझी आई अंथरुणाला खिळली म्हणून, आणि ह्यांना पुढे शिकता यावं म्हणून. ह्यांच्या शिक्षणामुळे मला हे घर मिळालं, आणि तेच मी तुझ्या तोंडावर मारलं. जिभेला हाड नसतं हे खरं, पण माझ्या जिभेला लाजही उरली नव्हती. आणखी एक लपवलं तुझ्यापासून. त्या चौघांतल्या सर्वांत जाणत्या गृहस्थांनी इंजिनाचा एक फोटो काढला आणि तुझ्या नवरानवरीचे सहा. परवा त्यांचा फोन आला होता, ती जोडी अजून आहे का विचारत होते. मैना, मी चुकले. मला माफ कर.

आता पत्र का लिहिलं ते. मेगाब्लॉक संपल्यापासून मी माणसं करायला घेतलीत. पॉवरलूमच्या, सूत इकडून तिकडे नेणाऱ्या मोडक्या धोट्यांचं लाकूड भिवंडीहून आणलं, फार चिवट असतं, त्यातून कोरते. जे जे कोंबडीच्या दारात उभे होते, ते सगळे फलाटावर येणार. सगळ्यांना स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं करून मापं घेतली. हे सेहेचाळीस मिलिमीटर, सरू चाळीस, मी साडेबेचाळीस. माणसं मात्र मी मापातच करणार, त्यात तडजोड नाही. सगळी झाली. तू राहिलीस. तू नव्हतीस त्या दिवशी, पण तुझ्यावाचून मला तो फलाट लावायचा नाही. चाळीस वर्षं तू माझी नणंद आणि मला तुझी उंची माहीत नाही! लग्नाच्या फोटोत तू पाटावर उभी आहेस, त्यातून कळत नाही. हे म्हणतात पाच फूट एक, विपुल म्हणतो पाच फूट तीन. दोघांत दोन इंचांचा फरक, म्हणजे आपल्या मापात जवळजवळ दीड मिलिमीटर. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण तुझ्या बाबतीत मी एकदा चुकलेय, आता दीड मिलिमीटरनेही चुकणार नाही. फोनवर सांगू नकोस, फोनवर सगळे उंची वाढवून सांगतात. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने ये, चपला काढ, अंबाडा सोड, चौकटीला पाठ लावून उभी राहा. तोवर मी तुझ्या लाकडाला सुरी लावणार नाही.

पट्टी घेऊन वाट बघणारी,
तुझीच,
भावनावहिनी