तिसऱ्या खांबापाशी तांबोशी

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
थंडीचा सीझन सुरू. साप्ताहिकातलं माझं ‘गळाला काय लागलं’ हे सदर तिसऱ्या वर्षात. हौसेनं गळ टाकणारी सगळी मंडळी ते वाचून ठरवतात की धक्क्यावर कुठं बसायचं, आमिष कुठलं लावायचं. जबाबदारीचं काम आहे. संकल्प: यंदा दर गुरुवारी पहाटे साडेपाचला स्वतः धक्क्यावर जायचं. पाण्याचं तापमान मोजायचं. गळवाल्यांना विचारायचं. आमिषाच्या दुकानातल्या काट्यावर कुणाचा मासा किती भरला ते बघायचं. गेली दोन वर्षं हे सगळं राहूनच गेलं. थर्मामीटरला दोरी बांधून ठेवली आहे.

४ डिसेंबर, गुरुवार
साडेपाचला जाग आली, हे महत्त्वाचं. बाहेर गार वारा. एक शिंकही आली. आजारी वार्ताहर कुणाच्या उपयोगाचा? स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत समुद्र दिसतो. शांत वाटला. गेल्या वर्षीचा याच आठवड्याचा मजकूर काढला. चोवीस डिग्रीचे पंचवीस केले. दुसऱ्या खांबापाशी लागलेली तांबोशी तिसऱ्या खांबापाशी नेली. वजन साडेतीन किलोच ठेवलं, उगाच अतिशयोक्ती नको. याला नक्कल म्हणता येणार नाही. समुद्र तोच, महिना तोच, मासे तेच.

६ डिसेंबर, शनिवार
गणिताच्या मास्तरांचा फोन. रिटायर झाल्यापासून ते रोज धक्क्यावर असतात. काल अंक वाचून तिसऱ्या खांबापाशी बसले आणि दोन तांबोश्या लागल्या म्हणाले. एक तीन किलो चारशे, दुसरी तीन किलो सहाशे पन्नास. ग्रॅमपर्यंत सांगणारा माणूस खोटं कशाला बोलेल? म्हणजे मी न जाता लिहिलं ते खरं निघालं. मला समुद्राची आतून जाण आहे, असं दिसतं. धक्क्यावर गेलो तर ती बिघडायची.

९ डिसेंबर, मंगळवार
सासरे आले. दोन महिने राहणार. सोबत एक बॅग आणि लांब कापडी पिशवीत त्यांची गळाची काठी. चाळीस वर्षं त्यांनी गळ टाकला, पण सासूबाई गेल्यापासून काठी माळ्यावर होती. बायको माझ्या सदराची कात्रणं त्यांना पाठवते, हे मला आजच कळलं. ती वाचून त्यांना पुन्हा पाण्याकाठी बसावंसं वाटलं. जेवताना म्हणाले, जावईबापू, तुमच्यामुळे दोन वर्षांनी पहाटे उठावंसं वाटतंय. बायकोनं माझ्याकडे फार अभिमानानं पाहिलं. लग्नानंतर असं पहिल्यांदाच. मी भात वाढून घेतला.

११ डिसेंबर, गुरुवार
त्यांच्याबरोबर जाणार होतो. कंबर धरली. ते एकटेच गेले, माझा अंक घडी करून खिशात. दहाला परतले. काही नाही लागलं. मी म्हटलं, पहिला दिवस आहे, हात बसायला वेळ लागतो. ते म्हणाले, हात बसलेलाच होता हो. मग लगेच म्हणाले, बरोबर आहे तुमचं. शेजारच्यांना लागलं का, हे त्यांनी तिथं विचारलं होतं. सगळे म्हणाले, तुम्ही यायच्या आधी लागून गेलं. प्रत्येकजण आपापल्या आइसबॉक्सवर बसलेला, त्यामुळे बघायला मिळालं नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार
सदर जोरात. धक्क्यावर रोज येणाऱ्या शिंप्यानं फोन करून सांगितलं, बावीस इंचाची सुरमई. (वजनात नाही बोलत, इंचात बोलतो. सवय.) तिथंच गळ टाकणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तीन रावस. सगळं छापलं. आता मी जुना मजकूर वापरतच नाही. म्हणजे सदराला प्रत्यक्ष आधार आला, तोही घरबसल्या.
सासऱ्यांना आजही काही नाही. मी लिहिलं होतं, जिवंत कोळंबी लावा, भरती सुरू झाल्यावर अर्ध्या तासानं टाका. त्यांनी घड्याळ लावून तसंच केलं.

२ जानेवारी, शुक्रवार
नव्या वर्षाचे संकल्प उद्या लिहीन.
सासरे चष्म्याचा नंबर तपासून आले. नंबर तोच आहे. मग खुर्चीत बसून दोऱ्याची गाठ मला दाखवली, नीट बसली आहे का विचारलं. मला गाठीतलं काय कळतं? उत्तम आहे म्हटलं. त्यांचा हात थोडा थरथरत होता. मला पाहवेना. ठरवलं, सगळं सांगून टाकायचं. पण नेमकं काय सांगायचं? बाकीच्यांना मासे लागताहेतच की. त्यांना धीर यावा म्हणून कालच्या सदरात एक ओळ घातली होती, ‘यंदा नवशिक्यांच्याही गळाला सहज लागताहेत.’ आज त्यांनी ती दोनदा वाचली. कुणी न सांगता अंक रद्दीत ठेवून आले.

८ जानेवारी, गुरुवार. सकाळी ११
आज धक्क्यावर गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. (साडेपाच नाही, साडेनऊ. पण गेलो.)
चौदा माणसं, सगळी बॉक्सवर बसलेली. मास्तर पाणी प्यायला उठले तेव्हा त्यांचा बॉक्स उघडून पाहिला. आत थर्मास आणि शब्दकोड्याचं पुस्तक. शिंप्याच्या बॉक्समध्ये नुसता बर्फ, कोरा. थर्मामीटर पाण्यात सोडला. अठ्ठावीस डिग्री.
आमिषाच्या दुकानात गेलो. काट्यावर फडकं टाकलेलं. मालकीणबाई म्हणाल्या, नोव्हेंबरपासून त्यावर मासा चढलेला नाही, परवा मी माझं पार्सल तेवढं जोखलं. यंदा पाणी थंडच झालं नाही, मासा बाहेर खोल पाण्यात आहे, काठाला फिरकलेला नाही. मग विचारलं, तुम्हाला हो कुठून बातम्या मिळतात? मी म्हटलं, खात्रीलायक सूत्रांकडून.
निघताना मास्तरांनी बाजूला घेतलं. खाली बघून म्हणाले, शिंप्याला सांगू नका. सगळ्यांना लागतंय आणि आपल्यालाच नाही, हे चारचौघांत बरं दिसत नाही. पाच मिनिटांनी शिंप्यानं बाजूला घेतलं. मास्तरांना सांगू नका म्हणाला.
म्हणजे मी खोटं लिहिलं, ते वाचून प्रत्येकाला आपली लाज वाटली, म्हणून प्रत्येकानं मला खोटं सांगितलं, आणि तेच मी पुन्हा छापलं. अख्ख्या धक्क्यावर खरं बोलणारा एकच माणूस. तो टोकाला बसला होता, पाण्याकडे बघत. मी त्यांना हाक मारली नाही. मागच्या जिन्यानं आलो.

त्याच दिवशी, दुपारी ३
खरं लिहायला बसलो. ‘काठाला मासा नाही.’ तीन शब्द. संपादकांचा फोन आला, मजकूर का आला नाही. मी म्हटलं, परिस्थिती वाईट आहे. ते म्हणाले, कसली वाईट, मलाच रविवारी चार किलोची लागली. आता संपादकाला खोटं कसं पाडायचं? नोकरीचा प्रश्न नाही, शिष्टाचाराचा आहे. लिहिलं, ‘मासे या आठवड्यात किंचित चोखंदळ झाले आहेत.’

१५ जानेवारी, गुरुवार
नामी युक्ती. प्रामाणिकपणापेक्षा लवकर होणारी.
सकाळी बाजारातून ताजी तांबोशी घेतली. पिशवीत घालून धक्क्यावर. सासरे काठी अडकवून चहाला गेले, तेवढ्यात त्यांचा दोरा ओढून घेतला, मासा गळाला लावला, परत पाण्यात सोडला. चौदाजणांनी पाहिलं. चौदाजणांनी दुसरीकडे तोंड फिरवलं.
सासरे आले. काठी वाकलेली दिसली. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. रीळ फिरवताना हात जराही थरथरला नाही. सगळा धक्का उभा राहिला. मासा वर आला.
मासा साफ केलेला होता. पोट चिरलेलं, खवले काढलेले. कोळिणीनं सवयीनं करून दिला होता आणि मी न बघता पिशवीत घातला होता, घाईत न बघताच गळाला लावला होता.
सासऱ्यांनी तो हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला. टाळ्या थांबल्या. मास्तर म्हणाले, माझी कालची एवढीच होती. सासऱ्यांनी मासा पिशवीत ठेवला, काठी गुंडाळली. वाटेत एकदाच बोलले. म्हणाले, तुम्ही एवढं करायला नको होतं, जावईबापू. माझा हात गेलाय, ते मला कळतं.
मला तिथंच रस्त्यात सांगता आलं असतं. सिग्नल हिरवा झाला.

१८ जानेवारी, रविवार
त्यांनी दिवसभर बाल्कनीत बसून रीळ उघडलं, पुसलं, तेल घातलं. संध्याकाळी काठी माझ्या हातात दिली. म्हणाले, ज्याला समुद्र कळतो त्याच्याकडे असावी. पुढच्या रविवारी परत जातो म्हणाले, दोन महिने थांबून काय करू?
बायको स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. नळ उगाच चालू होता.
मी काठी कपाटामागे ठेवली. मग पलंगाखाली. कुठंही ठेवली तरी दिसते. लाज वाटते म्हणजे काय हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं, मी नुसता ओशाळायचो.

२३ जानेवारी, शुक्रवार
छापून आलं. सगळं खरं. ‘काठाला मासा नाही. पाणी अठ्ठावीस डिग्री. या सीझनला या धक्क्यावर कुणालाही काहीही लागलेलं नाही. या सदरातला आजवरचा मजकूर मी घरी बसून लिहिला.’ संपादक बाहेरगावी होते म्हणून गेलं.
दुपारपर्यंत नऊ फोन. मास्तर संतापले, आमचे मासे तुम्ही नाकारता कसे? शिंप्यानं इंचांसकट निषेध नोंदवला. संपादक पुढच्या अंकात दिलगिरी छापणार आहेत. सदर डॉक्टरीणबाईंकडे गेलं. काही हरकत नाही. मी हे एकाच वाचकासाठी लिहिलं होतं. तो दिवसभर सामान आवरत होता. अंक टेबलावर ठेवला, त्यावर त्यांनी चष्म्याची केस ठेवली.

२५ जानेवारी, रविवार. दुपारी १
बसस्टँडवर पाऊण तास आधी पोचलो. मुद्दाम. अंक त्यांच्या हातात दिला, वाचा म्हटलं. त्यांनी वाचलं. मग मी तोंडानंही सांगितलं. तिसरा खांब, जुना मजकूर, मास्तरांचा थर्मास, काट्यावरचं फडकं. म्हटलं, तुमचा हात गेलेला नाही. तिथं मासाच नव्हता. मी खोटारडा आहे.
त्यांचे डोळे भरून आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून तुम्ही स्वतःचं नाव छापून खराब केलंत. असा जावई कुणाला मिळतो? पण जावईबापू, साफ केलेल्या माशाला मी फसलो नाही, तर याला फसेन का?
मी शपथ घेतली. त्यांनी हसून मान हलवली. बस आली.
घरी आलो. बाबा काय म्हणाले, बायकोनं विचारलं. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो. ‘तीन वर्षं मी घरी बसून थापा लिहिल्या’ इथपर्यंतच आलो होतो.
तिला लगेच पटलं.