नळाकडे पळणारी मुलगी

बाई,

नववीत असताना खो-खोच्या सरावातून मी मध्येच नळाकडे का पळायचे, हे तुम्हाला सोडून शाळेत कुणाला कधी कळलं नाही. सगळ्यांना वाटायचं, हिला ऊन सोसत नाही. मी ओंजळी भरभरून डोक्यावर, तोंडावर, कमरेखाली पाणी मारायचे आणि चिंब होऊन परत यायचे. खरं कारण वेगळं होतं. खांबाला वळसा घालताना, झटकन खाली बसताना, आणि कुणी हसवलं तर हमखास, मला लघवी व्हायची. कधी थेंब, कधी बरीच. आणि आमच्या हाफ पँटी पांढऱ्या. म्हणून मी शाळेत पाणी पिणंच सोडलं होतं. सकाळी घोटभर चहा, मग थेट संध्याकाळी घरी तांब्याभर पाणी. त्यानं गळणं थांबलं नाहीच, उलट आग व्हायला लागली.

एके दिवशी तुम्ही शिट्टी फुंकून मला सगळ्या मुलींसमोर उभं केलंत. "जिल्ह्याच्या सामन्यांना तीन आठवडे राहिलेत आणि तू नळावर खेळतेस? नसेल जमत तर उद्यापासून येऊ नकोस." मी मान खाली घातली. त्या दिवशी मी अजून नळापर्यंत पोचलेच नव्हते, तरी माझ्या पायाशी माती ओली होती. तुमची नजर तिथं गेली. पुढचं सगळं एका क्षणात झालं. तुम्ही हातातली पाण्याची बाटली माझ्या डोक्यावर उपडी केलीत आणि ओरडलात, "ऊन लागलंय हिला. सावलीत बसवा!"

रविवारी तुम्ही मला नाशिक रोडला घरी बोलावलंत. तुम्ही स्वयंपाकघरात पोहे भिजवताय, मी दाराशी उभी, आणि तुम्ही आधी पाण्याचा पेला पुढे करता. "पूर्ण पी." मी नको म्हणते. "पी गं. बाथरूम दोन पावलांवर आहे." मी पिते. मग कढईत मोहरी टाकता टाकता, भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज तुम्ही म्हणता, "मलाही होतं. धाकटा झाल्यापासून. शिंक आली तरी होतं. म्हणून तर मी तुमच्याबरोबर पळत नाही, नुसती शिट्टी वाजवते." आणि स्वतःच हसता. मोठ्या माणसाच्या तोंडून असं काही मी तोवर ऐकलं नव्हतं. आमच्या घरी 'लघवी' हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. मी तिथंच रडले. तुम्ही रडू दिलंत आणि पोहे वाढलेत.

डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं तर आईला विचारायला हवं, म्हणून तुम्ही आमच्या मळ्यात आलात. आई मेथीच्या जुड्या बांधत होती. ऐकून तिचे हात थांबले. "बाई, पोरीच्या जातीचं असलं कुठं बोलत्यात का? उद्या लगीन कसं जमायचं हिचं?" तुम्ही तिच्याशेजारी बसून जुड्या बांधायला लागलात. "ताप आला तर नेता ना दवाखान्यात? हेही तसंच. आत्ता नेलं नाही तर पोरगी पाण्यावाचून वाळून जाईल." आईनं हातातली जुडी बांधून पुरी केली आणि म्हणाली, "म्या पण येते."

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, जंतुसंसर्गावर गोळ्या दिल्या आणि पाणी तोडल्याबद्दल मला रागावल्या. दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं. दर दोन-तीन तासांनी जाऊन यायचं, तुंबवायचं नाही. लघवी रोखताना आतून जसं आवळतो तसं आवळायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, पुन्हा आवळायचं. रोज तीन वेळा. महिनोन् महिने करायचं, लगेच गुण येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी इतिहासाच्या तासाला बाकावर बसून करायचे. कुणाला पत्ता लागायचा नाही.

तेवढ्यात तुम्ही संघाचा गणवेश बदललात. "पांढऱ्यावर मातीचे डाग निघत नाहीत," असं मुख्याध्यापकांना सांगून भांडलात आणि बाराही जणींना गडद निळ्या हाफ पँटी शिवून घेतल्यात. सामन्यात मला दोनदा थोडी झाली. मी थांबले नाही. साडेतीन मिनिटं टिकले. आपण उपांत्य फेरीत हरलो, पण नळाकडे न पळता मी पहिल्यांदाच पूर्ण खेळले होते.

हळूहळू ते जवळजवळ थांबलं. मुलगी झाली तेव्हा परत आलं, मग मी स्वतःच दवाखान्यात गेले, कुणाचा हात धरावा लागला नाही. एसटीत वाहक म्हणून लागले तेव्हा सासरचे म्हणाले, दिवसभर गाडीत कसं जमणार? जमवलं. गाडी सुटण्याआधी जाऊन यायचं, पिशवीत एक जादा कपडा ठेवायचा, आणि तिकिटं फाडताना आवळायचं. हरसूलच्या बाजाराच्या दिवशी एक म्हातारी दांड्याला धरून उभी होती, गुडघे एकमेकांना घट्ट लावून. मला बघताच ओळखू आलं. मी घंटी दिली. चालक कुरकुरले, "आत्ताच तर निघालो." "थांबवा. मला उतरायचंय," मी म्हणाले, आणि तिचा हात धरून तिला झुडपांमागे घेऊन गेले. ती म्हणाली, "मघाधरनं लागली व्हती, पन सांगू कसं?" "सांगायचं," मी म्हणाले. परतताना कुणीतरी हसलं. मी त्याच्याकडे नीट बघितलं, तो खिडकीबाहेर बघायला लागला.

हे सगळं तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही गेलात ते मला दोन महिन्यांनी कळलं, आणि आता हा कागद टाकायला पत्ता नाही. असता तरी मी टाकला असता का, सांगता येत नाही, कारण एक गोष्ट अजून उरलीच आहे. त्या पोह्यांच्या रविवारनंतर मुलींनी मला विचारलं, बाईंनी तुला घरी कशाला बोलावलं? माझं बिंग फुटेल म्हणून मी घाबरले आणि तुमचं सांगून टाकलं. शिंक आली की बाईंचं काय होतं, ते. मुलींनी तुमची नक्कल केली. तुम्ही वर्गाच्या दाराशी आलात, थबकलात आणि तशाच मागे वळलात. तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मीच हसत होते.