कानबाईच्या दिवशी आलेला नारळ

आबा, धुळ्याचं घर विकत मागायला लोक अजून येतात. तुम्ही होतात तेव्हा वर्ष-दोन वर्षांतून एखादा यायचा, ओट्यावर बसायचा, पीकपाण्याच्या गप्पा मारून चहा संपवायचा आणि मग मुद्द्यावर यायचा. आता येत कोणी नाही, फोन येतो. मी इथे जळगावला मेथी निवडत बसलेली असते आणि एखादा पोरगेला आवाज विचारतो, "मॅडम, धुळ्याला आपली प्रॉपर्टी आहे ना? रोख पार्टी आहे, कागदपत्रांचं सगळं आम्ही बघू." माझा नंबर यांना कोण देतं ते मला अजून कळलेलं नाही. तिकडे शटरच्या फटीतूनही कार्डं टाकून जातात. घरासमोरचा रस्ता रुंद झाला, पलीकडे दोन दवाखाने आले, तेव्हापासून हे वाढलं आहे.

आधी आधी मी कारणं सांगायची. वडिलांचं घर आहे, पुढे भाडेकरू आहे, आम्हाला सध्या पैशाची गरज नाही. पण कारण सांगितलं की समोरच्याकडे त्यावर तोडगा तयार असतो. भाडेकरूला आम्ही काढतो म्हणतात. गरज नाही म्हटलं तर नातवंडांच्या नावाने बँकेत ठेवा म्हणतात. एकाने तर वडिलांच्या नावाने बिल्डिंगला नाव देऊ असं सांगितलं. पिठाच्या गिरणीवाल्याचं नाव पाच मजली इमारतीला, तुम्हाला ऐकून हसूच आलं असतं. मग मी कारणं देणं सोडलं. आता एवढंच म्हणते, "विकायचं नाही, रामकृष्णहरी." घराचा उतारा मोबाइलवर पाठवा म्हणतात, तोही पाठवत नाही, आणि ते किती देणार हे तर कधीच विचारत नाही. ते तुमच्यामुळे.

तो दिवस तुमच्या लक्षात असेल की नाही, माहीत नाही. माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. गिरणीचा पट्टा तुटला म्हणून तुम्ही त्या दुपारी घरात आहात, भुवयांवर पीठ तसंच आहे, आणि मी चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापते आहे. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, स्वयंपाक माझ्याकडेच होता. मागच्या गल्लीतले तेलाचे व्यापारी आले. त्यांना गोदामासाठी आपलं घर हवं होतं. तुम्ही त्यांना जेवायलाच बसवलंत. भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल, तेही त्यांच्याच दुकानाचं. ते जेवत होते, घराच्या भिंतींकडे बघत होते, आणि मी तव्यावरून मान वर करून विचारलं, "काका, किती देणार?" त्यांनी लगेच आकडा सांगितला. तुम्ही त्यांच्या भाकरीवर आणखी तेल वाढलंत. ते हात धुऊन गेल्यावर मात्र म्हणालात, "घर इकनं नही शे ना? मंग भाव काबर इचारस तू?" मी म्हटलं, नुसतं विचारलं, विचारायला काय जातं? तेव्हा तुम्ही चिडला नाहीत, पण जे बोललात ते चिडण्यापेक्षा जास्त लागलं. म्हणालात, "आता रात्री झोपताना तुझ्या डोक्यात तो आकडा फिरणार. उद्या छप्पर गळलं की तुला छप्पर नाही दिसणार, आकडा दिसेल." आणि खरोखरच त्या पावसाळ्यात छप्पर गळलं, आणि मला आकडा आठवला.

पुढे माझं लग्न होऊन मी जळगावला आले, मुलगा चालायला लागला, तेव्हा तुम्ही मला बोलावून घेतलंत आणि रजिस्टर कचेरीत नेलंत. बक्षीसपत्र करून घर माझ्या नावावर केलंत. चुलतकाका बाहेरच्या बाकावर बसून म्हणत होते, "एकुलती आहे, तुझ्यामागे तिलाच जाणार आहे. मग आत्ताच कागद कशाला?" तुम्ही म्हणालात, "मागाहून मिळालं तर नशिबाने मिळालं म्हणेल. मी दिलं हे तिला माहीत पाहिजे." सह्या झाल्यावर कोपऱ्यावरच्या हॉटेलात गरम जिलबी घेतलीत आणि दोघांत एकच प्लेट सांगितलीत. एवढं घर दिलं आणि जिलबी अर्धी. काटकसर मी कुणाकडून शिकले असं लोक विचारतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. गेल्या श्रावणात कानबाई बसवली. तुम्हाला सांगायला नको, नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे नारळच देवी होऊन चौरंगावर बसतो, त्याला नथ, डोळे, साडी, आणि दिवसभर दार उघडं. ओळखीचे, बिनओळखीचे, जो येईल तो दर्शनाला. कोणी नारळ ठेवतं, कोणी साखर, कोणी खण. मी सोवळ्यात नैवेद्याचे रोट भाजत होते, गंगाफळाची भाजी चुलीवर होती. तेवढ्यात एक चाळिशीचा माणूस आला, कपाळाला गंध, हातात नारळ, साखरेची पुडी, वर एक पाकीट. वाकून नमस्कार केला. म्हणाला, "मावशी, धुळ्याहून आलो. आमचंही काम मार्गी लागू द्या." मी म्हटलं, "कानबाई पाहील, बाबा. प्रसाद घेऊन जा." कानबाईपुढे आलेला नारळ कोण परत करतं? मी तो बाकीच्या नारळांत ठेवला. पाकीट देवीपुढचं दान समजून चौरंगाखाली सरकवलं. सोमवारी मेहरूणच्या तळ्यावर विसर्जन झालं, आलेले नारळ फोडले, साखर-खोबरं गल्लीभर वाटलं.

त्या आठवड्यातच गादीवाल्या चाचांचा फोन. तुमची गिरणी बंद झाल्यावर तुम्हीच त्यांना पुढची खोली दिली होती. तेव्हा ते मिशी फुटलेले होते, आता दाढी पांढरी आहे आणि कापसाची धूळ छातीत बसली आहे. एरवी सलाम-दुआ करून बोलणारा माणूस, त्या दिवशी एकदम म्हणाला, "अक्का, घर दिलं म्हणे तुम्ही. देऊन टाका, मालिक आहात, पण मला एक शब्द बोलायचा होता. पस्तीस वर्षांची बैठक आहे, पिंजण्याचं मशिन डोक्यावर घेऊन मी कुठे जाऊ?" मी विचारलं, कोण म्हणतं असं? तर ते म्हणाले, "गल्ली म्हणते. दलाल टेप घेऊन आला होता. चुन्याची रेघ मारून गेला. म्हणतो, अक्कांनी नारळ घेतला, फोडला, साखर वाटली. पक्कं झालं."

मी फोन ठेवला आणि चौरंगाखालचं पाकीट काढलं. ते चिकटवलेलं होतं. तसंच ठेवलं. आपल्याकडे सोयरीक असो की जमिनीचा व्यवहार, नारळ हातात घेतला की होकार झाला आणि साखर वाटली की तो गावाला कळला, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी माझ्या घरात नारळांची रास होती, त्यात हा एक सौद्याचा आहे हे मी कसं ओळखायचं? आमचे हे म्हणाले, "कायद्याने काही होत नाही. सही कुठे आहे?" मी म्हटलं, कायद्याचं मी बोलतच नाही. देवीपुढे घेतलेलं आहे, ते देवीपुढे घेतल्यासारखंच परत केलं पाहिजे. मग ते म्हणाले, "आता जातेच आहेस तर भाव तरी विचार." मी त्यांना दुसरी भाकरी वाढली आणि विषय बदलला.

सकाळच्या एसटीने एकटीच गेले. बरोबर एक नारळ, तेवढीच साखर आणि ते पाकीट. दलालाचं ऑफिस देवपुरात, त्याच्या घराच्याच पुढच्या खोलीत. चाचा आधीच येऊन बाहेर उभे होते, कपड्यांवर कापूस तसाच. दलाल म्हणजे तोच, गंध लावून दर्शनाला आलेला; त्याने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. मी वस्तू टेबलावर ठेवल्या तसा तो म्हणाला, "मावशी, हे काय? नारळ फुटला, साखर वाटली. पार्टीला मी शब्द दिला."

"शब्द तुम्ही दिला, भाऊ. घर माझं आहे."

"तसं नसतं ना. तुम्ही जुनी माणसं, तुम्हाला रीत माहीत आहे. नारळ घरात घेतला म्हणजे काय?"

"दर्शनाला आलेल्या माणसाचा घेतला."

"मी म्हटलं होतं की, काम मार्गी लागू द्या म्हणून. तुम्ही बघू म्हणालात."

"मी नाही, कानबाई पाहील म्हणाले. तिने पाहिलं असेल तर तिला विचारा."

चाचा बाहेरून खोकले. ते खोकणं होतं की हसणं, मला सांगता येणार नाही. दलाल तोंडाने मावशी-मावशी करत होता, पण आवाज चढत चालला होता. पार्टी मोठी आहे, धुळ्यात तुम्हाला एकही गिऱ्हाईक मिळू देणार नाही, म्हणाला. मी म्हटलं, ते फार उपकार होतील.

बोलण्याचा आवाज ऐकून आतून त्याची बायको आली. तिला काहीच माहीत नव्हतं. घरात बाईमाणूस आलं आहे, टेबलावर नारळ-साखर आहे, एवढंच तिने पाहिलं. तिने डोक्यावरचा पदर सावरला, मला वाकून नमस्कार केला, "या ना मावशी, आत या, बाहेर काय बसल्या," म्हणत नारळ उचलला आणि आत जाऊन देवापुढे ठेवला. हळदीकुंकवाचा करंडा घेऊन परत आली. दलाल "अगं, अगं" करत राहिला. हे मी ठरवून नेलं नव्हतं, आबा, तेवढी हुशारी माझ्यात नाही. पण समोर आलं तशी बोलले. म्हटलं, "भाऊ, माझा नारळ तुमच्या देवापुढे गेला. मग हे घर मी घेतलं असं समजू का? चाचा, तुमच्याजवळ टेप आहे का?"

चाचा म्हणाले, "गादीचा आहे. चालेल."

बायको माझ्याकडे बघायला लागली, मग नवऱ्याकडे. काय झालं ते तिने विचारलं, मी सांगितलं, आणि मग जे काही झालं त्यात मला फारसं बोलावं लागलं नाही. "कानबाईला सौदा करायला गेले होते तुम्ही? मला सांगितलं मामाकडे जातो! बाई रोट भाजत होती आणि तुम्ही तिथं घराचं काढलं? आपल्या घरी कानबाई बसते ना, तिला काय तोंड दाखवाल?" तो म्हणाला, धंद्यात चालतं असं. ती म्हणाली, "मग धंद्याचं खोबरं वेगळं आणत जा." पाकीट तिनेच उचललं आणि त्याच्या खिशात कोंबलं. माझी ओटी भरली, ब्लाउजपीस दिलं. संध्याकाळी त्याने स्वतः आपल्या घराशी येऊन पाण्याने चुन्याची रेघ पुसली. चाचांनी त्याला बसायला गादी टाकली, चहा मागवला. तुमची सवय त्यांना लागली आहे.

एसटीला वेळ होता म्हणून कुलूप काढून आत गेले. चुलीच्या जागी आता नुसती काळी भिंत आहे. छप्पर दोन ठिकाणी गळतं, ओल उतरली आहे. दुरुस्तीचा अंदाज काढला, तो यावर्षी बसत नाही, पुढच्या वर्षी बघीन. खाली बसले नाही, फरशीवर धूळ होती आणि नेसणं नवं होतं. घर पाहून मला भरून वगैरे आलं नाही, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी तिथे राहायला जाणार नाही. मुलगा पुण्याला आहे, तो माझ्यामागे हे विकेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. चाचांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली आहेत, त्यांनाही खोली त्यांच्या स्वतःपुरतीच हवी आहे. म्हणजे मी जे नाही म्हणते आहे ते माझ्या आणि त्यांच्या हयातीपुरतं.

हे कॅलेंडरच्या मागच्या पानांवर लिहिते आहे, पाकीट-तिकिटाचा खर्च नाही. लिहिता लिहिता मघाशी एक फोन येऊन गेला. नवा माणूस होता, नाशिकचा. फोन आला की आमचे हे पेपर बाजूला करून माझ्या तोंडाकडे बघतात, काय ठरवते म्हणून. घरात टीव्ही कोणता घ्यायचा, मुलीला कुठे द्यायची, हे मला कधी कुणी असं थांबून विचारलं नाही. इथे अनोळखी माणूससुद्धा विचारतो आणि माझ्या उत्तराची वाट बघतो. त्याचं सगळं ऐकून घेतलं, रस्त्याचं, दवाखान्यांचं, रोखीचं. नाही म्हणायचं होतं ते म्हटलंच. पण आबा, हल्ली मी लगेच म्हणत नाही, त्याला थोडं बोलू देते.