शाल, श्रीफळ आणि गीला अखबार

३ नोव्हेंबर, सोमवार
जुई सतरा तारखेला बंगळुरूला चालली. पहिली नोकरी. त्याआधी पंधराला, इथेच शहराबाहेर सरोजिनी नगरच्या पुढे एका मैदानात रॉक कॉन्सर्ट आहे. तिची मैत्रीण देविका ऐनवेळी गळाली, एक जागा उरली. मी येतो म्हटलं. जुईनं मोबाईल दोनदा उघडून बंद केला. आनंदानं माणसाला काही सुचत नाही. मग म्हणाली, "ठीक है पापा, चलो."

दोन वर्षं आमचं बोलणं वायफाय आणि गीझर एवढ्यावरच आलंय. आता अख्खी संध्याकाळ मिळणार. संकल्प: मुलीशी मैत्री.

४ नोव्हेंबर
संगीत ऑल्टरनेटिव्ह आहे. कशाला पर्याय म्हणून, असं विचारलं. जुईनं हेडफोन लावले.

बँड दोन. 'गीला अखबार' आणि 'ट्यूबलाइट वेदर'. पेपर ओला कशाला हवा, देव जाणे. को-हेडलाइनर आहेत, दोनों बराबर, असं जुईचं म्हणणं. मला हसू आलं. इथल्या मराठी मंडळाचा सात वर्षं सांस्कृतिक कार्यवाह आहे मी. दोन कलाकार बरोबरीचे कधीच नसतात. आधी गातो तो लहान, मध्यंतरानंतर गातो तो मोठा. पोस्टरवरची नावं फूटपट्टीनं मोजली. दोन्ही नऊ सेंटिमीटर! पण गीला अखबार वर छापलाय. म्हणजे तो मोठा, तो शेवटी. जुईचा लाडका तोच. प्रश्न मिटला.

८ नोव्हेंबर, शनिवार. बँकेला सुट्टी
'कॉन्सर्टमध्ये काय अपेक्षा ठेवावी' हे माहितीपत्रक लिहिलं. मंडळाच्या स्मरणिकेतही खपेल. सार असं: छापील वेळ साडेपाच, म्हणजे खरी सात. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, प्रायोजकांचे आभार, माइकची खरखर यात दीड तास जातोच. मोबाईल निघतानाच सायलेंट करावा. कानात कापूस. पोचल्याबरोबर पुढची खुर्ची धरावी.

जुईनं वाचलं. कुर्सी होती ही नहीं, म्हणाली, और साढ़े पाँच मतलब साढ़े पाँच. अनुभव नाही पोरीला.

११ नोव्हेंबर
कुरिअरनं मनगटाला बांधायच्या दोन पट्ट्या आल्या. त्याशिवाय आत सोडत नाहीत. जुईनं मागच्या वर्षी छत्री हरवली होती, त्यामुळे दोन्ही पट्ट्या माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. कुलूप लावलं. जुई म्हणाली, मेरा वाला मुझे दे दो. मी म्हटलं, गेटवर देतो, निश्चिंत राहा.

विभानं रात्री पोळ्या करता करता सांगितलं की अकोल्याहून बदली होऊन इकडे उत्तरेत आलो तेव्हा जुई नववीत होती, वर्षभर तिला वर्गात कुणी मैत्रीण नव्हती. गच्चीवर बसून याच गीला अखबारची गाणी ऐकायची. एका गाण्यावर रडायची रोज. मला कसं माहीत नाही? बहुधा कोजागिरीच्या तयारीत असेन.

हिंदी गाणं आहे, नाव 'छत', म्हणजे गच्ची. पंधराला ते मी तिच्या शेजारी उभा राहून ऐकणार. ठरलं.

१४ नोव्हेंबर
कल्पना सुचली. कलाकारांचा सत्कार! मंडळात शाल-श्रीफळाशिवाय कुणाला पाठवत नाही आपण. मध्यंतरात जुईला घेऊन स्टेजमागे जायचं, तिच्या हस्ते द्यायचं. आयुष्यभर लक्षात ठेवेल. विभाला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. बायकांना भव्य कल्पना एकदम झेपत नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ९
जुई दुपारी सामानाची खरेदी करून थेट मैदानावर जाणार. मी बँकेतून. निघताना तिनं तीनदा बजावलं. टाइम पे आ जाना, पापा. अगं, वेळ पाळणं हा माझा धर्म.

दुपारी ४.५०
अमीनाबादचा बाजार. इथल्या चिकन भरतकामाचा स्टोल घेतला, शालीऐवजी. नारळ सहज मिळाला. भरपूर वेळ आहे. मोबाईल आत्ताच सायलेंट केला, नियम म्हणजे नियम. एक प्लेट कबाब खायला हरकत नाही, विभाला कळवायचं कारण नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
काल लिहिलं नाही.

चारबाग स्टेशनपाशी जाम लागला. पोचलो सात वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे माझ्या हिशेबानं वेळेवर. गेटवरच्या भैयानं बॅग तपासून नारळ काढून घेतला. फेकून मारण्याजोगी वस्तू आत नेता येत नाही म्हणे. मी त्याला सत्काराची परंपरा समजावत होतो, तेवढ्यात जुई दिसली. पत्र्याच्या भिंतीला टेकून उभी होती. सव्वापाचपासून.

साडेपाचला कार्यक्रम सुरू झाला. बरोबर साडेपाचला. दीपप्रज्वलन नाही, काही नाही. गीला अखबार आधी होता. कुठे हा आधी, कुठे तो, गावोगाव बदलतात म्हणे. दोघं बरोबरीचे, म्हणून. मोबाईलवर सव्वीस मिस्ड कॉल.

मी घाईघाईनं पट्ट्या काढल्या. म्हटलं, अजून एक बँड आहे की. जुईनं पट्टीकडे बघितलं. ही पोर माझ्याशी कित्येक वर्षांत मराठीत बोलली नव्हती.

"बाबा, 'छत' मी बाहेरूनच ऐकलं," ती म्हणाली. "पुन्हा गच्चीवरच बसल्यासारखं."

आत गेलो. खुर्च्या नव्हत्या. ट्यूबलाइट वेदर वाजवत होते, पोरं उड्या मारत होती. मी कापूस काढून टाकला. जुई हाताची घडी घालून उभी होती. तिसऱ्या गाण्याला म्हणाली, चलें? रिक्षात मी तिला माफ कर म्हटलं. ठीक है पापा, म्हणाली. ठीक नव्हतं.

माहितीपत्रक फाडलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
रजा टाकली. गाडी दुपारी अडीचची. मी सगळ्यांना साडेबारालाच चारबागला नेलं. विभा म्हणाली, इतक्या लवकर कशाला? मी बॅगा मोजल्या.

बाकावर मी आणि जुई. विभा पाणी आणायला गेलेली. दोन तास हातात होते, त्या संध्याकाळी हवे होते तेवढे. जुईनं हेडफोन लावले होते. कुठलं गाणं, असं मी विचारलं. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारायचं होतं. स्टोल तेवढा तिच्या बॅगेत वरच्या कप्प्यात सरकवला.

गाडी अगदी वेळेवर सुटली.