यंत्रघराच्या बाजूचा पत्ता

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, दारही उघडत नाहीस. तुझा राग रास्त आहे. शीतगृहातल्या सगळ्यांनी तुझ्याविरुद्ध जबाब दिले आणि तिथेच नोकरीला असलेला सख्खा भाऊ तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. लहानपणी तू मला घुम्या म्हणायचीस. बरणी मी फोडायचो, आणि मी कबूल करेपर्यंत माझ्या वाटचा मार तू खाऊन मोकळी व्हायचीस.

काल भिंतीवरच्या त्या खोक्यासमोर स्टूल टाकून बसलो होतो. यंत्रघराची वायर डावीकडे, ऑफिसची उजवीकडे, मधे हा ब्रिज. तुला मी सांगितलं होतं, हा फाटकावरचा पहारेकरी आहे. कोण कुठल्या बाजूने बोललं ते तक्त्यात टिपतो. निरोप त्याच बाजूच्या कुणासाठी असला तर उगाच पलीकडे गर्दी नको म्हणून अडवतो, पलीकडच्यासाठी असला तर सोडतो. पत्ता तक्त्यात नसला तरीही सोडतो, असेल पलीकडे म्हणून. आणि पाच मिनिटं कुणी बोललं नाही, की त्याचं नाव पुसतो. तू म्हणालीस, अगदी आपल्या मामावर गेलाय, नजरेआड झालं की विसरला. किती हसलो होतो आपण.

तुझा कॉम्प्युटर तेव्हा यंत्रघराला लागून असलेल्या केबिनमध्ये होता. तो नुसता ऐकायचा, बोलायचा क्वचित. त्यामुळे खोकं त्याला सारखं विसरायचं आणि तुझे निरोप ऑफिसभर वाटत सुटायचं. मला तो गबाळेपणा बघवेना. तुझा पत्ता मी तक्त्यात हाताने लिहिला : यंत्रघराची बाजू, कायमचा. हाताने लिहिलेलं ते कधीच विसरत नाही.

मग गारठ्याने तुझा खोकला वाढला. साहेबांच्या विनवण्या करून मी तुझं टेबल ऑफिसात हलवलं, कॉम्प्युटर स्वतः उचलून आणला. शेजारच्या टेबलावरून चाचणीचा निरोप पाठवला, तो लगेच तुझ्या पडद्यावर आला. तू चहा पाजलास आणि मी खुशीत घरी गेलो. पण शेजारून आलेल्या निरोपाला खोकं ओलांडावंच लागत नाही, ताई. यंत्रघरातून चाचणी घ्यायचं मला सुचलं नाही.

यंत्रघरातलं, विषारी अमोनिया वायू हुंगणारं ते यंत्र गळती झाली तरच बोलतं. अकरा आठवडे ते गप्प होतं आणि आपण निर्धास्त होतो. त्या मंगळवारी दुपारी ते बोललं. चौदा वेळा बोललं, त्याच्या नोंदीत मी मोजलंय. खोक्याने प्रत्येक वेळी तक्ता पाहिला, तू याच बाजूला आहेस असं वाचलं आणि निरोप तिथेच अडवला. पलीकडे तू, निरोप दिसताच भोंगा वाजवायला, कोऱ्या पडद्याकडे डोळे लावून बसली होतीस. कॉम्प्रेसरवाले काका आत यंत्रघरात होते. ते बाहेर आलेच नाहीत.

तुला डुलकी लागली होती असं आता सगळे म्हणतात. चोर सोडून संन्याशाला फाशी! तक्त्यातली मी हाताने लिहिलेली, बदलायची राहिलेली ती ओळ मला त्याच संध्याकाळी दिसली. नऊ दिवस मी भीत राहिलो, शेवटी काल साहेबांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. खोकं जुनं झालंय, भंगारात टाकू, एवढंच म्हणाले. उद्या सकाळी भंगारवाला येतोय. आज ते दोनदा माझ्या टेबलाशी येऊन नुसते उभे राहिले. उद्यापासून फाटकावर आमच्या पिशव्या तपासणार आहेत.

शीतगृहातली यंत्रं त्या दिवसापासून बंदच आहेत, कुणाला धोका नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी खोकं काढलं आणि डब्याच्या पिशवीतून आणलं. ते या पत्रासोबत तुझ्या दाराशी ठेवतोय. वीज काढली तरी ती ओळ पुसली जात नाही. सोमवारी चौकशीत ते टेबलावर ठेव आणि बाहेरच्या जाणकाराकडून वाचून घे. ओळ कुणी लिहिली असं विचारतील, तेव्हा गप्प बसू नकोस. मी दाराबाहेरच बाकावर असेन. या वेळी माझ्या वाटचा मार तू खायचा नाहीस.

तुझाच,
घुम्या