एकोणीस वर्षांचा माझा दुसरा शब्द

२ एप्रिल, बुध.
गुड फ्रायडेच्या सात वक्त्यांची यादी लागली. येशू क्रुसावरून बोलला त्या सात उद्गारांवर, म्हणजे 'शब्दां'वर, एकेकानं बोलायचं; त्यांतला दुसरा, शेजारच्या क्रुसावरच्या चोराला दिलेलं स्वर्गाचं वचन, एकोणीस वर्षं माझा. यंदा याकोबचा! लासूर स्टेशनच्या बाजारात हमाली करतो. नाताळापर्यंत दारूत बुडालेला.
पाळकसाहेब म्हणाले, "सर, यंदा तुम्ही ऐका."
मी? ऐकू?

६ एप्रिल, रवि.
उपासनेनंतर चर्चच्या आवारात याकोब भजी खात उभा. पुडा पुढं केला. "घ्या सर, गरम हायेत."
"ईस्टरपर्यंत उपवासकाळ आहे," म्हणालो. जरा मोठ्यानंच.
"व्हय का?" म्हणाला, आणि आणखी एक खाल्लं.

९ एप्रिल
याकोब घरी. "सर, मला कुठं बोलता येतंय? तुमीच लिहून द्या."
एका बैठकीत नऊ पानं. नियम पाळून कुणी देवाला बांधून घेत नाही, कृपा मागूनही मिळत नाही, नुसती येते... झकास उतरलंय. तोंड त्याचं, पण वाक्यं माझी. बरं वाटलं.
शालिनीनं वाचलं. "हे तुम्हाला पटतं का हो?"
बायकोनं विचारावं असा प्रश्न आहे हा?

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
याकोबनं पानं काढली, उलगडली, परत खिशात घातली. "मी त्या चोरावानीच. उपास नाय केला, प्रार्थना येत नाय. येशूनं कायबी विचारलं नाय. ये म्हणला." बसला. एक मिनिटसुद्धा नाही.
माझ्या भाषणांवर लोक 'आमेन' म्हणत आले, मोठ्यानं. आज कुणी बोललं नाही. मागून हुंदका आला. एकोणीस वर्षांत कधी आला नव्हता.
वळून पाहिलं. शालिनी.


२० एप्रिल, ईस्टर
प्रभुभोजनाला गुडघे टेकले तर शेजारी याकोब. कुजबुजला, "सर, पानं जपून ठेवलीत. लई भारी हायेत. पुढल्या साली तुमीच बोला."
माझ्यावर उदार होतोय!
पाळकसाहेबांनी आधी त्याच्या हातावर भाकर ठेवली, मग माझ्या. त्याचा तुकडा मोठा आहे का, हे मी पाहिलं. तिथं, गुडघे टेकलेले असताना. चाळीस दिवस एकवेळ जेवून.
सारखेच होते.
शालिनीनं दोनदा विचारलं, उपास सोडायला काय करू? भजी, असं ओठांवर येतंय; अजून सांगितलेलं नाही.