बिनजिन्याची खोली आणि बिबड्यांचा डबा

गोडादरा, सुरत
ता. १८ जून १९९६

तीर्थरूप रामदासमामांच्या पायांवर भाचा हेमराजचं डोकं. इकडे आम्ही उभयतां ठीक. तुमचे गुडघे, मामींचं बीपी आणि गायीचं पोट यांची खुशाली कळवावी. (मागच्या पत्रात गायीचं सविस्तर होतं, मामींचं एक अक्षर नव्हतं. काही कारण असणार, पण मी विचारत नाही.)

पत्रास कारण आमचा शेजारी निंबा. शिरपूरकडचा आहे, माझ्याच कारखान्यात लूम चालवतो. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, मी तुम्हाला बोललो होतो की, तुमच्या गायत्रीला नर्सिंगला सुरतेलाच घाला, वर खोली बांधतो, तिथं पोरगी सुखानं राहील. आता वरच्या खोलीला जिना बाहेरून हवा आणि बाहेर म्हणजे निंबाची दीड हात जागा. त्याला विचारलं तर म्हणाला, "बांध ना भो जिना, मनी जागा काय पयी जाई ऱ्हायनी?" जागा खरंच कुठं पळून जाणार नव्हती. निंबा पळेल हे मात्र ध्यानात आलं नाही. जन्मभर सख्ख्या भावाचा शब्दही दोनदा तपासून घेणारा मी, त्या दिवशी डोळे मिटून विसंबलो.

आतला लाकडी जिना काढून मोडीत घातला, वरचं भगदाड स्लॅबनं बुजवलं, खोली उठवली, निळा रंग दिला, दार बसवलं. जिन्याची वाळू येऊन पडली त्या सकाळी निंबा दातण चावत आला आणि जिना नको म्हणाला. अरे, तू शब्द दिला होतास! तर म्हणे, "दिन्हा व्हता. पन त्याना बदलामा तू माले काय दिनं?" मामा, ही भाषा निंबाची नाही. धागा तुटला तरी तीन जणांना विचारणारा माणूस एकाएकी मोबदल्याचं बोलू लागला, म्हणजे त्याला कुणीतरी वकील भेटला आहे. आता आमच्या खोलीचं दार उघडलं की समोर हवा आणि दहा फूट खाली निंबाची तुळस.

मग मीही वकील गाठला. त्यानं चष्म्यावरून पाहत पहिलंच विचारलं, "पण भाई, तमे एने शुं आप्युं?" (शब्दाला शब्द तोच. निंबा याच्याकडेच आला होता की काय, अशी शंका मला अजून आहे.) त्याचं म्हणणं असं की, करार व्हायचा तर दोन्हीकडून काहीतरी द्यावं लागतं, फुकटच्या शब्दाला कोर्ट सहसा विचारत नाही. मात्र एखाद्यानं त्या शब्दावर विसंबून पाऊल उचललं आणि तो अडकला, तर शब्द देणाऱ्याला कोर्ट कधीकधी मागं फिरू देत नाही. त्याला प्रॉमिसरी एस्टॉपेल म्हणतात. मी ते बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहून आणलं आहे. पण 'कधीकधी' म्हणताना वकिलानं घड्याळ पाहिलं, ते मला आवडलं नाही.

घरी येऊन आपण निंबाला काय काय दिलं ते आठवायला बसलो. दिवाळीचे अनारसे, आखाजीच्या सांजोऱ्या, बाळंतपणातले डिंकाचे लाडू. पण आपल्यात शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, ही रीत आडवी आली. त्याची बायको भागीरथी प्रत्येक वाटी साखर नाहीतर गूळ घालून परत करत होती. वीस वर्षं शेजार, आणि एक वाटी अंगावर ठेवली नाही! आता तर निंबा आमच्याकडे चहा सोडा, पाणीही घेत नाही. परवा सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा उपास सांगून भागीरथीच्या हातावर ठेवला. सत्यनारायणाला उपास कसला?

तुम्ही तीस वर्षं अमळनेरच्या कोर्टात बेलिफ होता. तुम्हीच सांगा, दुसरा आपल्या भरवशावर जिना मोडून बसला असता माणसानं शब्द फिरवावा का? रोज कामाला जाताना खाली उभा राहून मी त्या निळ्या दाराकडे बघतो आणि मला अगदी भरून येतं. माणसाला काही लाज?

तुमचा आज्ञाधारक,
हेमराज

ता. क. : जिनाच नाही तर गायत्री वर चढणार कशी? तेव्हा तिला पाठवू नये. माझ्या शब्दावर तुम्ही धुळ्याच्या कॉलेजातली तिची जागा सोडलीत असं कळलं, ती पुन्हा मिळते का पाहावं. आखाजीला मी बोललो होतो हे खरं, पण मामा, शांतपणे विचार करा, त्याच्या बदल्यात तुम्ही मला काय दिलं होतं? (रागावू नये. मी कायद्याचं बोलतो आहे.)

ता. क. दुसरा : एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवलेला ज्वारीच्या बिबड्यांचा डबा पोचला. आखाजी होऊन दोन महिने झाले, मग डबा आत्ताच का? कोर्टात मुरलेला माणूस उगाच पापड-बिबड्या पाठवत नाही. म्हणून सुतळीची गाठही न सोडता डबा माळ्यावर ठेवला आहे, तसाच परत येईल. मी एकही बिबडी खाल्लेली नाही, याची नोंद घ्यावी.

ता. क. तिसरा : मामांना उषाचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. सुतळीची गाठ मीच पुन्हा बांधली होती, डबा रिकामा आहे. गेले आठ दिवस हे रोज जेवताना तुमच्याच बिबड्या खातायत, आणि बाजारच्या असूनही बऱ्या आहेत म्हणाले. उरलेल्या मी पातेलं भरून भागीरथीकडे दिल्या. निंबाभाऊंना कुठल्या ते तिनं खाऊन झाल्यावर सांगितलं. सोमवारी जिन्याच्या कामाला गवंडी येतो आहे, गायत्रीला पाठवून द्या. पातेलं अजून परत आलेलं नाही, आणि मी ते मागणार नाही.